बहात्तर अंश

मित्रांनो, मी एक जुना कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो तो अर्धगोल नव्हे. मला वीतभर लांबीचे दोन स्टीलचे हात आहेत, आणि ते जिथे एका स्क्रूने जोडलेले आहेत तिथे अंश कोरलेली एक गोल चकती आहे. माणसाचा गुडघा किती वाकतो ते मी सांगतो. म्हणजे सांगत असे. आता मी एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, व्यायामाच्या खोलीतल्या कपाटाच्या शेवटच्या खणात पडून असतो. सोबतीला कुबड्यांच्या टोकांची झिजलेली रबरे आणि एक सैल झालेला गुडघापट्टा आहे.

हजारो गुडघे मी मोजले. बहुतेक विसरलो. एक गुडघा मात्र मला सोडून जात नाही. खण बंद झाला की तो येतो, माझ्या दोन हातांमध्ये आपला आपण बसतो आणि वाकायचे नाकारतो. त्याची गोष्ट सांगतो. सांगून माझा भार उतरेल असे नाही, पण ती कुणाला तरी ठाऊक असावी.

माझा जन्म शस्त्रक्रियेच्या कात्र्या आणि चिमटे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात झाला. चकतीवर रेघा कोरणारा कारागीर वयस्कर होता. डोळ्याला भिंग लावून तो एकेक अंश कोरायचा आणि दर दहा रेघांनंतर रोखलेला श्वास सोडायचा. माझ्या आधीच्या चकतीवर त्याचा हात केसभर सरकला, तर त्याने ती अख्खी चकती भंगारात टाकली. शेजारचा म्हणाला, "अहो, अर्ध्या अंशाने कुणाचं काय अडतंय?"

"ज्याचं अडेल तो मला विचारायला येणार नाही ना," कारागीर म्हणाला आणि त्याने मला हातात घेतले.

तिथून मी या रुग्णालयात आलो, ते थेट मोजणीबाईंच्या हातात. त्या रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायच्या. त्यांचे खरे नाव दारावरच्या पाटीवर होते, पण मी त्यांच्या खिशातून सारखा डोकावत असल्यामुळे सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणत. थंड स्टील अंगाला लागले की माणूस दचकतो, म्हणून त्या मला आधी तळव्यात धरून ऊब द्यायच्या. मग माझा एक हात मांडीच्या रेषेत, दुसरा नडगीच्या रेषेत, आणि स्क्रू बरोबर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. "वाकवा हळूहळू. अजून. थांबा." आणि आकडा मोठ्याने सांगायच्या. आकडा वाढला की रुग्ण असे हसत, जणू परीक्षेत पहिले आले. माझे ते दिवस फार चांगले होते.

मग मोठ्या डॉक्टरांनी तुलना सुरू केली.

मोठे डॉक्टर झिजलेले गुडघे काढून तिथे धातूचे सांधे बसवत. वर्षानुवर्षे ते जुन्या वाटेने आत शिरत आले होते. गुडघ्यावर वीतभर लांब छेद, मांडीच्या स्नायूच्या दोराला कडेने उभा काप, गुडघ्याची वाटी उलटी करून बाजूला, आणि सगळा सांधा पुस्तकासारखा उघडा. आता एक नवी वाट आली होती. तिच्यात छेद निम्माच असे. स्नायू कापायचा नाही, खालून उचलून बाजूला सारायचा. वाटी उलटायची नाही, नुसती सरकवायची. माणूस लवकर उभा राहतो, कमी दुखते, असे म्हणत. मोठ्या डॉक्टरांना नवी वाट मनापासून आवडली होती. पण ते प्रामाणिक होते. "मला आवडलं म्हणून खरं होत नाही," ते म्हणाले. "शंभर गुडघे घेऊ. पन्नास या वाटेने, पन्नास त्या वाटेने. कोण कुठल्या वाटेने जाईल ते बंद पाकीट ठरवेल. आणि मोजणाऱ्याला ते कळता कामा नये."

म्हणून दर मोजणीआधी प्रत्येक गुडघ्यावर, छेद लांब असो की आखूड, सारख्याच लांबीची पट्टी चिकटवली जाई. मोजणीबाईंना खरेच काही कळत नसे.

मला मात्र कळत असे. मी स्टीलचा असल्यामुळे मला वाफेत तापवून शस्त्रक्रियेच्या खोलीतही नेत. नवा सांधा बसवून झाला की टाके घालण्याआधी मोठे डॉक्टर मला लावून तो किती वाकतो ते बघत. तोवर मी हिरव्या कापडावर पडून सगळे पाहत असे. दोन्ही वाटा मी पाहिल्या आहेत, मित्रांनो. जुन्या वाटेत सगळे उजेडात असे. नवी वाट खिडकीची फट किलकिली करून घरातले सामान हलवावे तशी होती. होत असे, बहुतेक वेळा सुरेख होत असे. पण दोन मदतनीस स्टीलच्या हुकांनी छेदाच्या कडा ओढून धरत, आणि मोठे डॉक्टर मान वाकडी करून आत बघत.

अशा दिवसांत शिंपीणबाई आल्या.

साठीच्या, ठेंगण्या, जाड मांड्यांच्या, बोलक्या. उजव्या गुडघ्याची पार वाट लागलेली. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच राहत. धाकटीच्या पायांतली ताकद लहानपणीच एका तापाने गेली होती. थोरली मशीनवर शिवायची आणि धाकटी खाटेवर बसून काजे-बटणे करायची. दम्याचा त्रासही धाकटीलाच. बाहेरचे सगळे थोरलीच्या पायांवर.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्या टेबलावर आडव्या झाल्या आणि मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टर, कापायचं ते मापात कापा हं. कापड एकच आहे, दुसरा तुकडा मिळायचा नाही."

सगळे हसले. पाकीट उघडले. नवी वाट निघाली.

त्या सकाळी मी जे पाहिले ते असे. त्यांची मांडी जाड आणि स्नायू मोठा, बाजूला सरकेना. "ओढा," मोठे डॉक्टर म्हणाले. "अजून थोडं ओढा." मदतनीस डॉक्टर घामाघूम झाले. "सर, छेद जरा वाढवायचा का?" त्यांनी विचारले.

मोठे डॉक्टर क्षणभर थांबले. "नको. दिसतंय मला," ते म्हणाले.

त्यांनी दोनदा वाकून बघितले. नडगीच्या हाडावर नव्या सांध्याची धातूची बैठक बसवताना ती किंचित आत झुकली. अगदी किंचित. मी अंश मोजण्यासाठीच जन्मलो आहे, मला ते दिसले. पण मला तोंड नाही.

तिसऱ्या दिवशी शिंपीणबाई काठी न घेता खोलीभर चालल्या. मोजणीबाईंनी मला लावले, पंचाहत्तर अंश. पाहुणे डॉक्टर आले होते, त्यांच्यासमोर शिंपीणबाईंना चालून दाखवायला सांगितले. त्यांनी दरवाज्यापर्यंत जाऊन नटीसारखी गिरकी घेतली. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा उजळला होता. माझे कौतुक झाले, मोजणीबाईंचे झाले, सगळ्यांचेच झाले. सहाव्या आठवड्यात आकडा अठ्ठ्याऐंशी झाला.

तिसऱ्या महिन्यात त्या आल्या तेव्हा त्यांचे चालणे मी टेबलावरून ऐकले. एक पाऊल पडे आणि एक घासत येई.

मोजणीबाईंनी मला ऊब दिली, जागेवर लावले. "वाकवा, मावशी. अजून."

"एवढंच होतंय."

बहात्तर. त्यांनी मला काढले, पुन्हा लावले. बहात्तर. तिसऱ्यांदा लावताना त्यांची बोटे गार झाली होती. बहात्तर.

"मावशी, हा आखडत चाललाय," मोजणीबाई म्हणाल्या. "नव्वदच्या खाली असला तर भूल देऊन वाकवून घ्यावा लागतो. आत्ताच करायला हवं, पुढे तो ऐकत नाही. चार-पाच दिवस दाखल व्हा."

शिंपीणबाईंचा सगळा बोलकेपणा एकदम गेला. "पाच दिवस? ताई, मला नाही जमायचं. मागच्या वेळी शेजारीण होती, तिने धाकटीला बघितलं. ती आता मुलीकडे गेली कायमची. धाकटीला पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं हो. तिला कुणाच्या भरवशावर टाकू?"

"डॉक्टरांना सांगून बघू."

"डॉक्टरांना आकडा कळला की ते सोडणारच नाहीत मला." त्यांनी मोजणीबाईंचा हात धरला. त्या हातात मी होतो. "नव्वद लिहा ना. आम्ही गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कमरेचं माप बोटभर कमी सांगतोच की. कागदावर लिहायला काय जातंय? मी घरी व्यायाम करीन, शप्पथ. रोज करीन."

 मोजणीबाई मऊ मनाच्या होत्या, आणि तेच मला त्यांच्यात सगळ्यात आवडायचे. त्यांनी पेन उचलले. मी कागदाच्या कडेलाच होतो, माझे हात अजून बहात्तरवर उघडे होते. त्यांनी मला मिटले आणि लिहिले, नव्वद.

"देव भलं करो तुमचं," शिंपीणबाई म्हणाल्या आणि पाय घासत गेल्या.

त्या दिवसापासून माझ्यात काहीतरी बिघडले. मला मिटताना हात बहात्तरच्या रेघेवर आले की अडत, आणि मग जरा जोर लावला की पुढे जात. मोजणीबाईंनी तेल घातले, स्क्रू सैल केला, घट्ट केला. काही उपयोग नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात मी सरळ चालायचो. त्यांच्या हातात अडायचो. त्या एकदम थांबायच्या, रुग्ण विचारायचा, "काय झालं?" आणि त्या म्हणायच्या, "काही नाही, जुना झालाय." मग प्रत्येक गुडघा दोन-दोनदा मोजायच्या. खोली रिकामी झाली की कपाटातली ती फाइल काढायच्या, ते पान उघडायच्या, आणि पुन्हा ठेवून द्यायच्या. कुणी दारात आले की दचकायच्या. व्हरांड्यात पाय घासत चालणारे रोजच कुणीतरी असे, आणि तो आवाज आला की माझ्यावरची त्यांची पकड घट्ट व्हायची.

वर्ष झाले. शेवटच्या मोजणीसाठी शिंपीणबाई आल्या. वाळलेल्या, गप्प. स्वतःहून टेबलावर बसल्या, स्वतःच पाय पुढे केला.

"धाकट्या मावशी कशा आहेत?" मोजणीबाईंनी विचारले.

"गेली. चार महिने झाले."

माझा एक हात मांडीवर होता आणि दुसरा नडगीवर. मोजणीबाईंनी मला काढलेही नाही आणि आकडाही वाचला नाही.

"दुपारची वेळ होती," शिंपीणबाई सांगू लागल्या. आवाज सपाट होता, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत. "तिला दम लागला. औषधाचा फवारा मारला, उतरेना. शेजारपाजारची दारं बंद, सगळे कामावर. फोन खाली, रखवालदाराच्या खोलीत. मी खिडकीतून ओरडले, रस्त्यावर कुणाला ऐकू जाईना. मग निघाले. चौसष्ट पायऱ्या आहेत, ताई. हा पाय वाकत नाही, तर आडवं होऊन उतरावं लागतं. कठडा धरायचा, एक पाय खाली, मग दुसरा ओढून त्याच पायरीवर. दुसऱ्या मजल्यापर्यंत वरून तिचा आवाज येत होता. नंतर नाही आला. मला वाटलं, बरं वाटलं असेल तिला."

त्यांनी पदर सावरला.

"माणसं वर पोचली तोवर संपलं होतं. मी लवकर उतरले असते तर वाचली असती का, असं मी तिला तपासायला आलेल्या डॉक्टरांना विचारलं. ते नुसते खाली बघत राहिले." मग त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आज किती?"

अडुसष्ट होते. मोजणीबाईंनी अडुसष्टच लिहिले. 

शिंपीणबाई गेल्यावर त्या मला मुठीत धरूनच जिना चढून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. टेबलावर शंभर गुडघ्यांचे तक्ते पसरले होते. मोठे डॉक्टर खुशीत होते. "बाई, नव्या वाटेच्या पन्नासांत एकही आखडलेला नाही! पुढच्या महिन्यात सभेत सांगायचंय." मग त्यांनी हातातला नवा कागद बघितला. "हे काय? नव्वदचे अडुसष्ट? असं कसं?"

"सर, नव्वद खोटं आहे. बहात्तर होते. मी नव्वद लिहिले."

त्यांनी सगळे सांगितले. गयावया केली नाही, बाजू मांडली नाही. धाकटीचेही सांगितले.

मोठे डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. "तेव्हाच कळलं असतं तर मी त्याच आठवड्यात वाकवला असता! काय केलंत हे तुम्ही?"

मोजणीबाई उभ्याच राहिल्या. मोठ्या डॉक्टरांनी तावातावाने कपाटातून शिंपीणबाईंचा क्ष-किरण फोटो काढला, उजेडाच्या पेटीवर लावला, आणि पट्टी ठेवून हाडावर एक रेघ मारली. दुसरी मारली. मग त्यांचा हात तिथेच राहिला. बराच वेळ पेटीचा पांढरा उजेड त्यांच्या तोंडावर होता.

"हा फोटो मी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी बघितला होता," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "बैठक झुकली आहे हे मला दिसलं होतं. चालेल, असं म्हणालो. शिंपीणबाई चालत होत्या ना. आणि टेबलाशी माझा मदतनीस विचारत होता, छेद वाढवायचा का म्हणून." ते खुर्चीत बसले. "मी म्हणालो, दिसतंय मला. नव्हतं दिसत."

मग त्यांनी तक्ता ओढून त्यातल्या नव्वदवर रेघ मारली. मी टेबलावर पडून होतो.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंना बोलावून दोघांनी आपापले त्यांच्या तोंडावर सांगितले. आधी मोठ्या डॉक्टरांनी, मग मोजणीबाईंनी. शिंपीणबाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. मला वाटले त्या रडतील, शिव्या देतील. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलेही नाही.

"मीच मागितलं होतं," त्या मोजणीबाईंना म्हणाल्या. "पण ताई, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. मला काय कळतंय त्यातलं? तुम्हाला कळत होतं."

मोजणीबाईंनी मान खाली घातली. ती मान मला आजही दिसते.

दुसरी शस्त्रक्रिया व्हायला दोन महिने गेले, कारण शिंपीणबाई आधी तयारच नव्हत्या. "आता कुणासाठी चढायचं?" म्हणायच्या. शेवटी हो म्हणाल्या. या वेळी मोठ्या डॉक्टरांनी जुनी वाट धरली, वीतभर लांब, सगळे उजेडात. झुकलेली बैठक काढून नवी बसवली, आणि टाके घालण्याआधी मदतनीस डॉक्टरांना दोनदा विचारले, "तुला सरळ दिसतंय का? नीट बघून सांग." त्यांनी दोन्ही वेळा नीट बघून सांगितले.

सभेतही मोठ्या डॉक्टरांनी शंभरही गुडघे सांगितले, एकही न लपवता. पहिले काही आठवडे नव्या वाटेचे लोक लवकर चालतात आणि त्यांना कमी दुखते, हे खरे निघाले. वर्षअखेर दोन्ही वाटांचे गुडघे जवळपास सारखेच वाकतात, हेही खरे निघाले. "आणि एक गुडघा मी वाकडा बसवला," ते म्हणाले. "जाड मांडीच्या, मोठ्या स्नायूच्या माणसाला मी अरुंद वाटेने नेलं, आणि दिसत नसताना थांबलो नाही. वाट कुठलीही घ्या. दिसेनासं झालं की छेद वाढवा." त्या दिवशी टाळ्या कमी पडल्या, असे मोजणीबाई नंतर कुणाला तरी सांगत होत्या.

मोजणीबाईंना समज मिळाली, पण काम गेले नाही. एक बदल मात्र त्यांनी आपणहून केला. मोजणीच्या कागदावर आकड्याच्याही आधी त्यांनी एक नवी ओळ आखून घेतली: घरी कोण आहे? आणि ज्याच्या घरी कुणी नसेल, त्याच्यासाठी त्या शेजारी, नातलग, कुणी ना कुणी शोधत बसायच्या. कधी कधी सुट्टी टाकून स्वतः जाऊन बसायच्या.

सहा महिन्यांनी शिंपीणबाई आल्या. मोजणीबाईंनी मला लावले आणि या वेळी आकडा सांगितला नाही. "मावशी, तुम्हीच वाचा," म्हणाल्या. शिंपीणबाईंनी चष्मा पुसला, वाकून माझ्या रेघा बोट ठेवून मोजल्या. "अठ्ठ्याण्णव."

"जिना चढता येतो ना आता?"

"येतो की. पण मशीन खाली आणलंय, तळमजल्यावर खोली घेतली. वर रोज एकदा जाऊन येते. झाडते, खिडकी उघडते. बसते जरा." त्या पदराने माझी चकती पुसत म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावर आलं की कान देते अजून. सवय लागलीय."

पुढे मोजणीबाई निवृत्त झाल्या. नवे लोक आले, नवी हलकी साधने आली, आणि मी खणात गेलो. कुणी मला बाहेर काढत नाही याचे मला दुःख नाही. पण खण उघडला आणि मी हाताला लागलो, तर मला फेकू नका. मी अजून खरे सांगतो. माझ्या स्क्रूला तेलाचा एक थेंब द्या, मला तळव्यात धरून थोडी ऊब द्या, आणि मी जे दाखवीन ते नीट वाचा.

आणि मित्रांनो, मोजण्याचे काम कधी तुमच्याकडे आले, आणि समोरचे माणूस तुमचा हात धरून विनवू लागले, तर त्याच्यासाठी जे जमेल ते करा. त्याचे सामान उचला, त्याच्याबरोबर जिना चढा, त्याच्या धाकट्या बहिणीजवळ पाच दिवस जाऊन बसा. आकडा मात्र आहे तोच लिहा.